रिकाम्या कॅनची मोगरी: घरच्या घरी प्लास्टिकची हत्यारं कशी करायची

तेलाचा पाच लिटरचा कॅन, शॅम्पूच्या बाटल्या, फिनेलचे डबे, कपडे धुण्याच्या लिक्विडच्या बाटल्या. महिनाअखेरीला हे सगळं भंगारवाल्याच्या गाड्यावर जातं आणि किलोच्या भावानं चार पैसे सुटतात. यातलं अर्धा-पाऊण किलो प्लास्टिक बाजूला ठेवलं आणि ओव्हनमध्ये वितळवून साच्यात दाबलं, तर एक भक्कम मोगरी, म्हणजे मोठ्या डोक्याचा ठोकायचा हातोडा होतो. पटाशीवर कितीही ठोकलं तरी पटाशीची मूठ फाटत नाही आणि मशीनचे भाग बसवताना लोखंडावर वण उमटत नाही. सोलापुरात घरोघरी काही ना काही ठोकाठोक चालू असते. कुणाचा माग, कुणाची शिलाई, कुणाचं फर्निचर, नाहीतर निदान पाण्याच्या मोटारीची दुरुस्ती. अशा घरांत ही कला यायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

मात्र सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. लोखंडाचं किंवा लाकडाचं प्रत्येक हत्यार प्लास्टिकमध्ये उतरवायच्या मागे लागू नका. जिथे प्लास्टिक लाकडा-लोखंडापेक्षा सरस आहे, तीच हत्यारं करा. डबे-कॅन ज्याचे होतात त्या एचडीपीई या टणक पॉलिथिनचे तीन गुण आपल्या कामाचे आहेत: घाव सोसतं पण फुटत नाही, सरकतं आणि घासलं तरी लवकर झिजत नाही, आणि त्याला डिंक, फेव्हिकॉल, एपॉक्सी यातलं काहीही नीट चिकटत नाही. मोगरी, व्हाइसच्या (वस्तू घट्ट धरायच्या शिकंजाच्या) जबड्याच्या पट्ट्या, करवतीच्या टेबलावर लाकूड पुढे ढकलायची दांडी, फेव्हिकॉल पसरायची पट्टी, कानसची मूठ ही सगळी या गुणांवर उभी राहणारी हत्यारं आहेत.

शंका असेल त्यांनी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या जुन्या मागाच्या शेडमध्ये जाऊन पाहावं. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला ठोसा मारून या टोकाकडून त्या टोकाला पाठवतो तो पिकर. पूर्वी तो कच्च्या कातड्याचा असायचा, नंतर प्लास्टिकचा आला. त्यात पॉलिथिनच्याच कुळातलं, पण फार लांब साखळ्यांचं प्लास्टिक वापरतात. मिनिटाला कितीतरी ठोसे, आणि तेही पाळीभर. (झिजलेला पिकर मात्र ओव्हनमध्ये टाकू नका. ते प्लास्टिक गरम केलं तरी वाहत नाही, गोळा होत नाही. काही पिकर तर नायलॉनचे असतात.)

प्लास्टिक ओळखणं

निम्मं काम इथेच आहे, म्हणून इथे घाई नको. डब्याच्या बुडाशी बाणांच्या त्रिकोणात एक आकडा असतो. १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेनं ही पद्धत आणली आणि आता ती जगभर दिसते. आपल्याला हवा २, म्हणजे एचडीपीई. पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या पारदर्शक बाटल्या १, म्हणजे पीईटी. त्या वितळायला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, म्हणून त्या भंगारातच जाऊ द्या. ४ म्हणजे एलडीपीई, दुधाच्या पिशव्यांच्या जातीचं मऊ प्लास्टिक. ५ म्हणजे पीपी, अर्थात पॉलिप्रॉपिलीन.

३ आकडा दिसला की हात लावू नका. ते पीव्हीसी. तापवलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो डोळे आणि फुप्फुसं जाळतो, ओव्हनचा पत्राही खातो. नळाचे पाइप, वायरीची वेष्टणं, चौकाचौकात लागणारे फ्लेक्स हे सगळं पीव्हीसीच्या घरातलं. आकडा नसलेलं काळं प्लास्टिक, टीव्ही-कॉम्प्युटरचे सांगाडे आणि कीटकनाशकांचे डबे कितीही धुतले तरी नकोत. इंजिन ऑइलचा कॅन एचडीपीईचाच असतो, पण आत तेलाची फिल्म राहते आणि ती ओव्हनमध्ये धूर करते. नवख्या माणसानं तोही सोडावा.

आकडा पुसला गेला असेल तर छोटा तुकडा कापून पाण्यात टाका. पाण्यात साबणाचा एक थेंब घाला, म्हणजे तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटत नाहीत. एचडीपीईची घनता ०.९५ च्या आसपास, म्हणून ते तरंगतं. पीईटी आणि पीव्हीसी बुडतात. पीपीसुद्धा तरंगतं आणि नवशिक्याचा घात तिथेच होतो. बाटल्यांची झाकणं, खास करून दुमडून उघडणारी, बहुतेक पीपीची असतात. पीपी आणि एचडीपीई एकमेकांत मुरत नाहीत. मिसळली तर वितळवून पाडलेली वडी वरून छान दिसते आणि चार घावांत पापुद्रे सुटतात. म्हणून सगळी झाकणं आधीच काढून टाका. तरीही शंका राहिली तर तो तुकडा ओव्हनमध्ये १५० अंशांवर ठेवून पाहा. एचडीपीई १३० च्या आसपास वितळतं, म्हणून ते बसून लोळागोळा होईल. पीपी १६० च्या पुढे वितळतं, त्यामुळे तो तुकडा ताठ उभा राहील.

सोलापूरकराला लगेच सुचणारी गोष्ट म्हणजे गच्चीवरचं निळं बॅरल. पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे बॅरल नाही असं घर सापडणं कठीण. तेही एचडीपीईचंच, पण त्यात दोन अडचणी आहेत. बाजारात मिळणारी बरीच बॅरलं आधी रसायनं भरून आलेली असतात आणि आत काय होतं ते कुणी सांगत नाही. दुसरं म्हणजे आपलं ऊन. वर्षानुवर्षं गच्चीवर तापलेलं बॅरल पांढरट पडतं, हात लावला की भुकटी येते, वाकवलं की कडकन तुटतं. असं प्लास्टिक आतून मेलेलं असतं. ज्याचा इतिहास माहीत आहे आणि जे अजून लवचिक आहे, तेवढंच घ्या. तेही वितळवायला नको. बॅरलचं प्लास्टिक वितळलं तरी फार घट्ट राहतं, दाबायला जड जातं. त्याच्या जाड भिंतीचा उपयोग आता सांगतो.

पहिली हत्यारं आगीशिवाय

ओव्हन घ्यायच्या आधी हात बसू द्या. कॅनच्या सपाट बाजूतून पत्रा कापायच्या कात्रीनं तीन बोटं रुंद आणि वीतभर लांब पट्टी कापा. एका टोकाला काचपेपर गुंडाळलेल्या लाकडावर घासून सरळ धार करा. फेव्हिकॉल पसरायची पट्टी तयार. काम झाल्यावर ती धुवायचीसुद्धा नाही. फेव्हिकॉल वाळू द्या, पट्टी वाकवा, अख्खा पापुद्रा सुटून येतो. मूठ असलेला कॅन तिरका कापला की भुसा, वाळू, सिमेंट उचलायचं सूप होतं. वरचा भाग कापला की नरसाळं.

बॅरलची जाड भिंत मिळाली तर व्हाइसच्या जबड्यांच्या मापाच्या दोन पट्ट्या कापा. गोलाई असेल तर उकळत्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून दोन फळ्यांमध्ये क्लॅम्प करा आणि गार होऊ द्या. पट्टी थोडी सपाट होते, उरलेली गोलाई व्हाइस स्वतःच दाबून घालवतो. या पट्ट्यांमध्ये पितळेची तोटी किंवा पॉलिश केलेली सळई धरा, दातांचे वण उठत नाहीत.

वितळवायची जागा आणि सामान

जागा: गच्ची, नाहीतर चारी बाजूंनी हवा खेळणारा व्हरांडा. स्वयंपाकघर कधीच नाही. उघड्या जाळावर, गॅसवर, चुलीवर प्लास्टिक वितळवू नका. तिथे तापमान तुमच्या ताब्यात राहत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा भल्या सकाळीच काम उरका. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांतली हवा या कामाला सगळ्यात चांगली, फक्त गार वारा ओव्हनवर थेट येऊ देऊ नका.

जुना ओटीजी (टेबलावर ठेवायचा विजेचा छोटा ओव्हन) घ्या. एकदा त्यात प्लास्टिक गेलं की पुन्हा केक नाही, पापड नाही. मोठ्या अक्षरांत तसं लिहून ठेवा, घरात कुणी विसरायला नको. दीड हजार वॅटचा ओटीजी साडेसहा अँपियर ओढतो, म्हणून तो सोळा अँपियरच्या सॉकेटवरच लावा. त्याच्या बटणावर विश्वास ठेवू नका. आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर वेगळा घ्या, कारण बटण १८० दाखवत असताना आत २१० असू शकतं.

बाकी लागेल ते: सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर (किराणा दुकानातला मेणाचा बटर पेपर चालत नाही), वेल्डिंगचे चामड्याचे हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, स्वयंपाकघरातला वजनकाटा, दहा इंची दोन सी क्लॅम्प. आणि पाण्यानं भरलेली मोठी बादली व मग हाताशी ठेवा, नळाला पाणी असो वा नसो. वितळलेलं प्लास्टिक हातावर पडलं तर ते ओढून काढायचं नाही, कातडी सोबत येते. लगेच साधं गार पाणी वीस मिनिटं ओतत राहायचं आणि दवाखाना गाठायचा. ओव्हनमध्ये पेट घेतलाच तर दार उघडू नका, प्लग काढा आणि आपोआप विझू द्या. लहान मुलांना आणि दम्याच्या माणसांना त्या वेळी गच्चीवर येऊ देऊ नका.

साचा आणि हिशोब

मोगरीच्या डोक्यासाठी लोखंडी चौकोनी पाइपाइतका सोपा साचा दुसरा नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा जवळच्या ग्रिलवाल्याकडे ७५ मिमीच्या पाइपाचा २०० मिमी लांब तुकडा कापून मागा. जाडी ३ मिमी असेल तर आतली बाजू ६९ मिमी मिळते. आत बोट फिरवून पाहा, एका बाजूला वेल्डिंगची बारीक शिवण लागेल. ती कानसनं पूर्ण घासून काढा. ती राहिली तर वडी तिथे अडकते आणि मग साचा फोडायची वेळ येते. दोन्ही तोंडांत बसणारे सागाचे किंवा बाभळीचे ४० मिमी जाडीचे दोन ठोकळे करा. चारी बाजूंनी एखादा मिलिमीटर मोकळे असावेत.

आता वजन. डोकं ११ सेंमी लांब हवं असेल तर ६.९ × ६.९ × ११ म्हणजे सुमारे ५२४ घन सेंमी. त्याला ०.९५ नं गुणलं की ४९८ ग्रॅम. टोकं छाटायला म्हणून ५५० ग्रॅम घ्या. बाटल्या मोजू नका, काट्यावर ठेवा. जाडीप्रमाणे वजन फार बदलतं.

मोगरी, पायरी पायरीनं

आधी लेबलं सोलून काढा. चिकट राहिलं तर खाण्याचं तेल चोळून तासाभरानं पुसा. धुवायला वॉशिंग मशीनमधून निघालेलं पाणी पुरतं, फक्त शेवटचा हात स्वच्छ पाण्याचा. उन्हात कोरडं करा. आत ओलावा राहिला तर वडीत वाफेचे फुगे पडतात. मग कात्रीनं दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा. घरच्या मिक्सरमध्ये घालू नका, भांडं आणि मोटार दोन्ही जातील. तुकडे करताना खाली जुनी सोलापुरी चादर अंथरा. बारीक कपटे तिच्यावर पडतात आणि पुन्हा वापरता येतात. गटारात जात नाहीत, हे महत्त्वाचं.

ओव्हन १८० अंशांवर स्थिर होऊ द्या. ट्रेवर बेकिंग पेपर, त्यावर पहिले दीडशे ग्रॅम तुकडे. ट्रे मधल्या खाचेत ठेवा आणि वरचा रॉड बंद ठेवा, नाहीतर वरचं करपतं आणि खालचं कच्चं राहतं. वीस-पंचवीस मिनिटांत तुकडे चकाकू लागतात, कडा विरघळतात, पांढरं प्लास्टिक अर्धपारदर्शक दिसू लागतं. बाहेर काढून पेपरमधूनच घडी घाला, दाबा, त्यावर पुढचे तुकडे टाका आणि परत आत ठेवा. असं तीन-चार वेळा करावं लागतं. मेणाचा मंद वास येणं ठीक. धूर दिसला की तापमान चढलं आहे: ओव्हन बंद, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहा आणि थांबा. मध्येच लाइट गेली तरी नुकसान काही नाही. गोळा आतच राहू द्या, आली की पुन्हा तापवा.

डबे आणि बाटल्या फुगवून घडवलेल्या असतात. त्यासाठी वापरलेलं एचडीपीई वितळलं तरी पाण्यासारखं वाहत नाही, ओतता येत नाही. ते घट्ट मळलेल्या कणकेसारखं राहतं. म्हणून सगळं वजन एकत्र झालं की जाड हातमोज्यांनी, पेपर मध्ये ठेवून, त्याची लोळी वळा, पिळा, दुमडा, पुन्हा वळा. आत अडकलेली हवा काढण्याचा हा एकच मार्ग आहे आणि वडीची सगळी ताकद याच मळण्यावर ठरते. लोळीत अजून अख्खा तुकडा दिसतो का, ते बघा. दिसला तर पंधरा मिनिटं परत आत. त्याच वेळी लोखंडी पाइपही ओव्हनमध्ये ठेवून गरम करा. गार साच्याला गरम प्लास्टिक लागलं की बाहेर सुरकुत्या पडलेली साल धरते.

गरम पाइपाच्या आत बेकिंग पेपरची गुंडाळी सरकवा, खालचा ठोकळा बसवा, लोळी घाला, वरचा ठोकळा ठेवा आणि क्लॅम्प आवळा. इथून पुढे क्लॅम्प सोडून जायचं नाही. वितळलेलं एचडीपीई गार होताना आकारमानानं जवळजवळ पाचव्या हिश्शानं आटतं. बाहेरून साल धरली आणि आतून आटत गेलं की मधोमध पोकळी पडते. म्हणून पहिला अर्धा तास दर दोन-तीन मिनिटांनी अर्धा आटा आवळत राहा. ठोकळे आत सरकताना दिसतील. मग सगळं तसंच रात्रभर ठेवा. पाणी ओतून घाईनं गार करू नका.

सकाळी क्लॅम्प काढले की वडी बाजूंपासून किंचित सुटलेली असते. ठोकळ्यावर दोन-चार ठोके मारले की निघून येते. जाडी ६९ ची ६७ च्या आसपास भरेल, ते ठरलेलंच आहे.

कापणं, भोक, दांडा

मोठ्या दातांच्या हातकरवतीनं दोन्ही टोकं छाटा. कापलेल्या तोंडाकडे नीट बघा. एकसंध आणि तुळतुळीत असेल तर वडी पास. बोट जाईल एवढी पोकळी दिसली तर फार विचार न करता तुकडे करून पुन्हा ओव्हनमध्ये. या प्लास्टिकला दुसरी संधी देता येते, लाकडाला देता येत नाही. रंधा यावर सुरेख चालतो, लांब सलग कांड्या निघतात. काचपेपर मात्र फार उपयोगाचा नाही, पृष्ठभाग केसाळ होतो. कडा रंध्यानं किंवा धारदार सुरीनं मारा, म्हणजे ठोकताना पाती निघत नाहीत.

दांड्याचं भोक २५ मिमीच्या चपट्या बिटनं, ड्रिल सावकाश फिरवून पाडा. दर सेंटिमीटरला बिट बाहेर काढा, नाहीतर घर्षणानं प्लास्टिक वितळून बिटला गुंडाळतं. दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं पाडलं तर तोंड फाटत नाही. वरच्या बाजूला भोक गोल कानसनं थोडं पसरट करा.

दांडा बाभळीचा. आपल्याकडे कुदळ-कुऱ्हाडीला पिढ्यानपिढ्या तोच बसतो आणि लाकूडवाल्याकडे सहज मिळतो. टोकाला करवतीची चीर देऊन आत ठोका आणि वरून लाकडी पाचर मारा. लाकडाच्या मोगरीत एवढं पुरतं, इथे पुरत नाही. सततच्या दाबाखाली एचडीपीई हळूहळू मागे सरतं आणि काही महिन्यांत पाचर ढिली पडते. चिकटवून भागणार नाही, ते सुरुवातीलाच सांगितलं. म्हणून डोक्याच्या बाजूनं आरपार ५ मिमी भोक पाडून दांड्यातून एक नट-बोल्ट घाला आणि त्याचं डोकं नि नट दोन्ही आत बुडतील अशा खाचा करा. नट-बोल्ट नसलेली मोगरी मी कुणाच्या हातात देणार नाही. डोकं निसटून समोरच्याच्या तोंडावर गेलं तर काय होईल, ते सांगायला नको.

मोगरी जमली की कानसची मूठ सोपी जाते. छोट्या गोल पाइपात वडी पाडा, मधोमध कानसच्या शेपटीपेक्षा थोडं लहान भोक पाडा, मूठ हेअर ड्रायरनं किंवा गरम पाण्यानं तापवून शेपटी आत ठोका. त्यानंतर ढकलदांडी करा. साध्या चपट्या साच्यात दोन सेंटिमीटर जाडीची फळी पाडा आणि तिच्यातून कापा. करवतीचं पातं चुकून लागलंच तर पात्याचे दात शाबूत राहतात.

मोजायची हत्यारं मात्र करू नका. गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार), पट्टी, सरळ कड यांना प्लास्टिक कामाचं नाही. एचडीपीई तापमानानुसार लोखंडाच्या दहापटीहून जास्त प्रसरण पावतं. एक फुटाची पट्टी जानेवारीच्या पहाटे आणि मेच्या दुपारी मोजली तर मिलिमीटरभर फरक पडेल. ताण धरून ठेवायचे क्लॅम्पही नकोत, ते वाकत जातात. तापलेल्या लोखंडाजवळ किंवा सोल्डरिंगच्या टेबलावर यातलं काहीच ठेवू नका.

वापरून वापरून मोगरीचं तोंड पसरेल आणि कडेला ओठ निघतील. रंध्याचे दोन हात मारून ते काढा. निघालेल्या कांड्या '२' लिहिलेल्या डब्यात जमा करा आणि डबा सावलीत ठेवा. वेगवेगळ्या प्रकारचं प्लास्टिक एका डब्यात टाकायची सवय मात्र लागू देऊ नका, पुढची वडी तिथेच बिघडते.